साच्यात राहिलेला हात

१

मूठ वळली की चारी बोटं एकाच गोठ्याकडे निघतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, होडीच्या आकाराचं एक इवलं हाड असतं. चारी बोटांची टोकं त्याच्याकडे तोंड करून झुकतात, दिवेलागणीला वासरं झुकावीत तशी. मोडलेले हात पुन्हा कामाला लावण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या पद्मजाताई पेशंटांना हे असंच सांगत. आणि त्या सकाळी कर्वेनगरातल्या त्यांच्या छोट्या दवाखान्यात अक्षताची मूठ हळूहळू मिटली, तेव्हा एक वासरू वाट चुकलं होतं.

अनामिका शेजारच्या करंगळीवर चढली होती.

ताईंनी तो हात आपल्या तळव्यावर घेतला, उजेडाकडे वळवला, पुन्हा मूठ करायला लावली. पुन्हा तेच. अक्षताशी तोंडानं बोलून उपयोग नव्हता. ती जन्मापासून ऐकत नव्हती. तिचं बोलणं हातांचं. ऐकू न येणाऱ्या लहानग्यांच्या शाळेत ती शिकवायची. तिथली पिल्लं तिच्या बोटांकडे बघून जगातली पहिली अक्षरं उचलायची. अशा बाईचं बोट वाकडं होणं म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्यात काटा रुतणं.

बोट मोडलं होतं शाळेतच, सगळ्यांच्या देखत. झोक्याची साखळी, तिच्यात अडकलेलं बोट आणि जोरात निघालेला झोका. हाड पिळाचं मोडलं: दोरीला पीळ असतो तशी तिरकी, गोल फिरत गेलेली चीर. असं हाड एक्स-रेच्या फोटोत जागेवर दिसतं, पण आतल्या आत वळायला टपलेलं असतं. म्हणून ताईंनी स्वतः साचा केला होता. प्लास्टिकचा पातळ पत्रा कढत पाण्यात टाकायचा, मऊ झाला की हातावर बसवायचा, गार होईपर्यंत धरून ठेवायचा. अनामिका आणि करंगळी दोघी त्यात शेजारी शेजारी निजल्या, जशा एका पाळण्यात दोन बहिणी. पहिला आठवडा संपता संपता ताईंनी मूठ तपासली होती. सगळी वासरं घरी होती.

मधली खेप चुकली. आणि आज हे.

ताईंच्या मनात पहिला प्रश्न स्वतःविषयीच आला, की माझाच साचा चुकला का? तो प्रश्न त्यांनी ओठांत धरला, तेवढ्यात अक्षताचा भाऊ आमोद खुर्चीवरून उठला. बहिणीच्या खुणांना शब्द द्यायला तो सोबत आला होता.

"ताई, बोट आपोआप फिरत नाही ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "मला माहितीये कुणी फिरवलं."

२

आमोदचं म्हणणं सरळ होतं. तो कर्वेनगरातच राहायचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा, आणि आईवडील गेल्यापासून बहीण म्हणजे त्याचा जीव. अक्षताचं सासर धायरीला. नवरा माऊली पंपदुरुस्तीचं दुकान चालवायचा. घरात तो, अक्षता आणि त्याची आई मथुराबाई. मध्यंतरी एकदा अक्षता व्हिडिओ कॉलवर भावाशी बोलत असताना मागून माऊली आला, दोघांचं काहीतरी बिनसलं, आणि त्यानं तिचं उजवं मनगट धरलं. त्यानंतर कॉल तुटला. आमोदनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आता त्याला ताईंकडून लिहून हवं होतं की बोट कुणीतरी जोर लावून पिरगाळलंय. ते घेऊन तो चौकीवर जाणार होता आणि बहिणीला त्या घरातून कायमचं आणणार होता.

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर डॉक्टर शुभंकर ऑपरेशन करून बोट सरळ करतील, आणि मी तिला परत त्याच घरात पाठवायची? परत फिरवायला?"

हाड अजून कोवळं होतं. इकडे येण्याआधी काढलेला फोटो बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं की याच आठवड्यात उघडलं तर ते हलक्या हातानं वळवून तारा घालता येतील. उशीर झाला तर पक्कं झालेलं हाड कापावं लागेल, आणि मग बोट पूर्वीसारखं बोलेल याची हमी नाही. पण वळवलेलं बोट जिथं जाणार तिथं तोच हात असेल, तर सगळं पाण्यात.

हे चाललं असताना अक्षताचा डावा हात एकसारखा हलत होता. आमोद तिच्याकडे बघत होता, पण शब्द देत नव्हता.

"काय म्हणतेय ती?" ताईंनी विचारलं.

"काही नाही."

"एवढा वेळ काही नाही म्हणत होती?"

आमोद ओशाळला. म्हणाला, ती म्हणते माऊलीनं नाही केलं. पण ती त्याला वाचवणारच.

ताईंनी मग थेट अक्षताकडे तोंड करून सावकाश विचारलं, आमोदनं ते हातांत उतरवलं: घरात या हाताची काळजी कोण घेतं? अक्षतानं डाव्या हाताचं बोट गालाला टेकवून खळी केली. तो माऊली. मग तोच डावा हात पुढं धरून अनामिका ओढून करंगळीवर ठेवली, क्षणभर, आणि हसली.

"आणि हे कोण?"

"तिची सासू. ती आत्या म्हणते त्यांना," आमोद म्हणाला. "ह्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. नवऱ्याला खळी पडते म्हणून खळी. मी चष्मा. आत्यांचं असं का, ते तिलाच ठाऊक. लग्न झाल्यावर आठवड्यात ठेवलं तिनं."

ताईंना मथुराबाई आठवल्या. साचा केला त्या दिवशी सुनेबरोबर आलेल्या, दाराबाहेरच्या बाकावर पदर घट्ट लपेटून बसलेल्या, आत या म्हटलं तर "बरी हाय हितंच" म्हणणाऱ्या. जाताना त्यांनी टेबलावर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी ठेवल्या होत्या.

ताईंनी अक्षताच्या हाताला प्लास्टरचा तात्पुरता आधार बांधला आणि साचा ठेवून घेतला. आमोदला म्हणाल्या, उद्या संध्याकाळपर्यंत थांब. तो बरं म्हणाला, पण जाताना दारात थबकला.

"उद्या संध्याकाळनंतर मी कुणाचं ऐकणार नाही, ताई."

३

माऊली दुपारीच दवाखान्यात आला, ग्रीसचे हात पुसत. दांडगा गडी, मान खाली. कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "धरलं होतं मी मनगट. खोटं कशाला बोलू?"

भांडण जुनंच होतं. अक्षताला शाळेजवळ, इकडे कर्वेनगरात राहायला यायचं होतं. सिंहगड रोडच्या गर्दीत तिचा रोजचा जीव जायचा. आणि म्हातारीला सोडून यायला माऊलीचं मन घेत नव्हतं. त्या दिवशी बोलता बोलता तिचा राग अनावर झाला आणि ती मोडक्या हातानंही बोलायला लागली.

"साच्यासकट हात आपटाय लागली, ताई. म्हणून धरला. बोटाला हात नाही लावला, मनगटाला धरला." तो थांबला. "पण आमच्यात हात धरणं म्हणजी तोंड दाबणं. ती हेच म्हणाली नंतर, रडत. तवापासून मी तिच्याम्होरं हात बांधून बसतो, तिचं समदं बोलून हुईस्तोवर."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. हात मोडणारे हात त्यांनी पुष्कळ पाहिले होते. ते बहुधा फार बोलतात, आणि स्वतःविषयीच बोलतात. पण नुसत्या चेहऱ्यावरून कुणाला सोडतील अशा ताई नव्हत्या. त्यांनी दोन्ही फोटो उजेडाच्या काचेवर शेजारी लावले. पहिला मोडला त्या दिवसाचा, दुसरा आजचा.

पिरगाळलेलं हाड बोंबलत येतं. बोट सुजतं, काळंनिळं होतं, चिरेच्या कडा फाटतात, नवं धरू लागलेलं हाड तुटून कापसासारखं विस्कटतं. इथं तसं काहीच नव्हतं. चिरेभोवती नव्या हाडाचा ढग शांत बसला होता, आणि तोही वळूनच बसला होता. म्हणजे बोट एका झटक्यात फिरलं नव्हतं. मांडवावर वेल चढते तसं, रोज जरा जरा, कुणाला न कळता गेलं होतं. हे रागाचं काम नव्हतं. हे अष्टौप्रहर दाबून धरणाऱ्या कशाचं तरी काम होतं.

आणि अष्टौप्रहर त्या बोटाजवळ एकच गोष्ट होती.

"साचा कधी टोचतो म्हणाली होती ती?" ताईंनी विचारलं.

माऊली आठवू लागला. म्हणाला, मधी एकदा म्हणाली होती. दुखतंय, नीट बसत नाही म्हणत होती. मी म्हटलं, भरून यायला लागलं की टोचतंच. आणि पट्टा एक घर घट्ट केला. त्याच आठवड्यात ताईंकडे यायचं होतं, पण एका सोसायटीचा पंप बंद पडला आणि तो तिकडे गेला.

हे सांगून त्यानं स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. "म्हणजी मीच दाबलं का ते, ताई?"

४

माऊली गेल्यावर ताईंनी साचा हातात घेतला, आणि नाकाजवळ नेला.

दोन वास आले. एक हळदीचा. हवा खेळायला पत्र्याला बारीक गोल भोकं असतात, त्यांतल्या मनगटाकडच्या भोकांत पिवळं काही वाळून बसलं होतं. दुसरा वास धुराचा.

हळदीचा माग लांब नव्हता. ताईंनी आमोदला फोन केला आणि नुसतं विचारलं, लेप कुणी लावला? त्यानं कबूल केलं. ऑफिसातल्या एकानं बिबवेवाडीतल्या हाड बसवणाऱ्याचं नाव सांगितलं होतं. एका रविवारी तो बहिणीला तिकडं घेऊन गेला, माऊलीला न सांगता. साचा काढू दिला नाही, त्यानं शपथ घेतली. लेप मनगटावर लावला, तोच ओघळून आत गेला असेल. बहिणीलाही त्यानंच सांगितलं होतं की ताईंना सांगू नको.

"तिचा हात बोलका, आणि तू तिच्या तोंडाला कुलूप घातलंस," ताई म्हणाल्या. "माऊलीनं मनगट धरलं ते तरी तिला दिसलं."

आमोद म्हणाला, मला वाटलं लवकर बरी होईल. शाळेतली मुलं तिला विचारतात ना, तू बोबडी का झालीस.

ताईंनी फोन ठेवला. लेप मनगटाचा, बोटाचा नाही. हळद निकालात निघाली. उरला धूर.

त्यांनी दिवा जवळ ओढला. आणि मग जे दिसलं, ते सकाळीच दिसायला हवं होतं.

ताईंची एक खोड होती. साचा गार व्हायच्या आत त्याची कड त्या अंगठ्यानं बाहेर दुमडायच्या, करंजीच्या कडेला मुरड घालावी तशी, म्हणजे कातडीला रुतत नाही. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक साच्याला ती मुरड असे. या साच्याला नव्हती. कड सपाट होती, धारदार. गोल भोकं ताणून तांदळाच्या दाण्यासारखी लांबट झाली होती. आणि पाठीवर, मऊ असताना दाबलेल्या बोटांच्या दोन खळग्या होत्या. ताईंनी आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली, बसली नाहीत.

पत्रा पुन्हा एकदा वितळला होता. ताईंच्या दवाखान्याबाहेर, दुसऱ्या कुणाच्या हातांत.

मग हा साचा कुणाचा?

५

असा पत्रा कोमट पाण्यानं हलत नाही. हात घालवणार नाही इतकं कढत पाणी लागतं. आमोदच्या फ्लॅटमधल्या गिझरचं पाणी तेवढं तापत नाही. आणि धूर गिझरला येत नाही. धूर येतो बंबाला.

शिवाय या पत्र्याची एक आठवण असते. पूर्ण तापला की तो हात विसरतो आणि पुन्हा सपाट होतो, जसा जन्मला तसा. म्हणजे नुसता वाकडा झाला असं नव्हे. तो सपाट झाला होता, आणि कुणीतरी त्याला पुन्हा हाताचा आकार दिला होता. हातावाचून हाताचा आकार देता येत नाही. अक्षताच्या हातावर दिला असता तर तिला ठाऊक असतं, आणि बोट सरळ राहिलं असतं.

दवाखान्यात बोटांच्या व्यायामाला मळलेल्या कणकेसारखा लगदा असतो. ताईंनी त्याचा मोठा गोळा घेतला, साच्यात भरला, कोपऱ्याकोपऱ्यांत दाबला, थांबल्या, आणि अलगद बाहेर काढला. टेबलावर एका हाताची कड उभी राहिली.

लहानसा हात. अक्षताचाही नाही, माऊलीचा तर नाहीच. पेरं जाड, गाठाळ, पुष्कळ वर्षं धुणं पिळलेली. करंगळी खाली दबलेली. आणि तिच्यावर, थकून टेकल्यासारखी, अनामिका चढलेली.

ताई त्या लगद्याच्या हाताकडे बघत बसल्या. बाहेर कॉलेजातून सुटलेल्या पोरांच्या गाड्या गेल्या, शेजारच्या दुकानाचं शटर खाली आलं.

हा आकार त्यांनी आज एकदा पाहिला होता. अक्षताच्या चांगल्या, डाव्या हातावर. एका माणसाचं नाव म्हणून.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई धायरीला गेल्या. आमोदला सोबत घेतलं, वाटेत काही सांगितलं नाही. त्यानं दोनदा विचारलं, लिहून आणलंय का. ताई म्हणाल्या, आणलंय. पण कागदावर नाही.

उंच इमारतींच्या मधोमध दोन खोल्यांचं बैठं घर, मागे मोरी, मोरीबाहेर तांब्याचा बंब, त्याच्या नळकांड्यातून धुराची बारीक दोरी. ओसरीवर मथुराबाई तांदूळ निवडत होत्या आणि गुणगुणत होत्या. त्यांच्या पाठीला तळवा टेकवून अक्षता बसली होती. ती ओव्या अशीच ऐकायची, माऊली म्हणाला, आईच्या पाठीतून.

पाची बोटं गं लेकुरं, तळवा त्यांची आई
एक वाकुडं चाललं, त्याला हाक मारा बाई

ताई उंबऱ्यात थांबल्या. ओवी संपल्यावर आत आल्या.

मथुराबाईंनी चहा केला. कप पुढं आला तेव्हा बशीखाली तो हात होता: लहान, गाठाळ, करंगळीवर अनामिका टेकलेली. ताईंनी कप घेऊन बाजूला ठेवला आणि पिशवीतून साचा काढला.

"मथुराबाई, हा तुम्ही धुतला होता ना?"

म्हातारीचा चेहरा आधी उजळला, मग विझला. माऊलीनं आईकडे पाहिलं, आमोदनं साच्याकडे.

"धुतला की," ती म्हणाली. "घामानं वास मारत व्हता वो. पोर आंघोळीला गेल्याली. म्हनलं ही पन्हाळ बंबाच्या पान्यात खळबळून काढू, किडं-जंतू मरत्यात." ती पदर चाचपू लागली. "तर पापडावानी झाली. हातात घेतली तर लोंबाय लागली. माझं काळीजच गेलं. एवढी महागाची वस्तू, आन पोरीचा हात तिच्यात. मंग तुमी कसं केलं व्हतं ते दाराच्या फटीतून बगितलं व्हतं म्या. तसंच केलं. माझ्या हातावर बशीवली, दाबून धरली, गार पानी वतलं. येकदम तश्शी झाली. कुनाला कळलंबी न्हाई."

तिला वाटलं की वस्तू बिघडल्याबद्दल बोलणी बसणार. म्हणून घाईघाईनं पुढं म्हणाली, "पर नीट झाली व्हती ना? म्या चांगला उजवाच हात घेतला व्हता."

ताईंनी साचा तिच्या हातावर ठेवला. तो बसला. कुठंही रुतला नाही, कुठंही सैल नाही, जणू त्याच हातासाठी जन्मला होता. मग ताईंनी अक्षताचा प्लास्टरमधला हात शेजारी घेतला.

"तुमच्या हाताचा साचा तिनं दिवसरात्र घातला," ताई शक्य तितक्या हळू म्हणाल्या. "हाड कोवळं होतं. त्यानं साच्याचं ऐकलं. तिचं बोट तुमच्या बोटासारखं झालं."

"माज्यासारखं म्हंजी?"

"करंगळीवर चढलं. वाकडं."

मथुराबाईंनी आपला हात डोळ्यांसमोर धरला. उताणा, पालथा. जसा कुणी परक्याचा हात धरून बघावा.

"माझा हात वाकडा हाय व्हय?" त्या म्हणाल्या.

तो खोटेपणा नव्हता. आमोदलाही ते कळलं, आणि तो कालपासूनचा सगळा राग कुठं ठेवावा हे न कळून भिंतीकडे बघू लागला. या हातानं भाकरी थापल्या, लेक वाढवला, सारवलं, पेरलं, खुरपलं. जो हात कामाला चुकत नाही तो वाकडा कसा असेल? आरशात माणूस तोंड बघतं, कुंकू बघतं. हाताकडं बघायला कुणाला सवड असते.

मग हळूहळू त्यांची नजर सुनेच्या डाव्या हाताकडे गेली. लग्नापासून ती पोर जे नाव घ्यायची, बोटावर बोट ठेवून, हसून, ते नाव.

"समद्यास्नी दिसत व्हतं म्हना की," मथुराबाई म्हणाल्या. "मलाच न्हाई."

७

एक गोष्ट उरली होती, आणि ती ताईंनी विचारली नसती तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. सून सुरक्षित घरात होती, नवरा सुटला होता. आमोदनं माऊलीपुढं हात केला होता आणि माऊलीनं तो धरला होता. साच्याची चूक कुणाची म्हणायची तर थोडी ताईंचीही होती: गरम पाण्यात घालू नका हे त्यांनी बोलणाऱ्याला सांगितलं, खुणा करणारीला सांगितलं, बाहेरच्या बाकावर बसलेल्या, घरात खरं धुणाऱ्या हाताला सांगायचं राहिलं.

पण तो हात ताईंच्या हातात होता, आणि हात हातात आला की त्या वाचल्याशिवाय सोडत नसत.

"हे कशानं मोडलं होतं, मथुराबाई?"

"दारात सापडलं व्हतं," म्हातारी पटकन म्हणाली. "लई जुनं झालं. माऊली पोटात व्हता तवाचं."

दारात सापडलेलं बोट चेमटतं, चुरतं. वळत नाही. हाड वळून बसतं ते फक्त पिळानं, आणि त्या घरात झोक्याच्या साखळ्या नव्हत्या. ताईंनी मान वर केली. भिंतीवर माऊलीच्या वडिलांचा, महिपतींचा फोटो होता, ताज्या फुलांच्या हारातला. मथुराबाईही तिकडेच बघत होत्या. आणि मग एकदम बघायच्या थांबल्या.

ताईंनी ते झाकलेलं झाकलंच ठेवलं. माऊली समोर बसला होता, बापाची खळी गालावर घेऊन.

पण अक्षताला आवाज ऐकू येत नसले तरी नजरा ऐकू यायच्या. ती उठली. सासूसमोर गुडघ्यांवर बसली, ते वाकडं बोट आपल्या डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलं, आणि भुवया उंचावून फोटोकडे नुसती मान वळवली.

हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ना आईनं, ना जावेनं, ना दारावरून जाणाऱ्या बाईनं. जिला बोलता येत नव्हतं तिनं विचारलं.

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि होकाराची मान हलवली. एकदाच.

माऊली चहाचे कप उचलायला उठला होता. त्यानं ते पाहिलं की नाही, ताईंना कळलं नाही. कप घेऊन तो मोरीवर गेला आणि बराच वेळ आला नाही. नळ चालू होता, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

डॉक्टर शुभंकरांनी त्याच आठवड्यात बोट उघडलं. हाड कोवळं होतं, वळलं. तारा निघाल्यावर ताईंनी नवा साचा केला, आणि या वेळी मथुराबाईंना आत खुर्चीवर बसवलं. गार पाणी, साबण, फडकं, सगळं त्यांच्याकडूनच करून घेतलं. अक्षतानं सावकाश मूठ मिटली. वासरं एकामागून एक गोठ्याकडे वळली. शेवटचं किंचित अडखळलं, आणि आलं.

तेव्हा मथुराबाईंनी आमोदला हळूच सांगितलं की तिला म्हनावं, माझं नाव बदल. आमोदनं ते हातांत उतरवलं. अक्षता विचार करत राहिली. मग तिनं आपला तळवा, ज्यातून सासूची ओवी तिला ऐकू यायची तो, उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि मुद्दाम दोनदा ती खूण करून दाखवली.

म्हातारीनं ती आपल्या वाकड्या हातानं करून पाहिली. चांगली जमली.

निघताना ती टेबलाशी रेंगाळली. जुना साचा फोटोंच्या पाकिटाशेजारी पडला होता. ताई म्हणाल्या, तो आता कुणाच्या कामाचा नाही, टाकायचाय.

"मी न्हेऊ का?" मथुराबाईंनी विचारलं. त्यांनी तो उचलला, हातावर चढवला आणि दुसऱ्या हातानं वरून गोंजारला. "न्हाई, म्हंजी माज्या हाताच्या मापाचं कुनी कधी काय केल्यालं न्हवतं वो."

पद्मजाताईंनी खिडकीकडे तोंड केलं. म्हणाल्या, "न्या. फक्त गरम पाण्यात घालू नका."

"न्हाई घालनार," मथुराबाई म्हणाल्या, आणि साच्यातला हात पदराखाली न घेता, उघडा धरून बाहेर पडल्या.